पाम एम्युलेटर : उपकरणाहून कठोर परीक्षक

मेजावरच्या संगणकासाठी प्रोग्राम लिहिणाऱ्याला तो कुठे चालवून पाहायचा, हा प्रश्न सहसा पडत नाही. जिथे लिहिला, तिथेच तो चालतो. तळहातावर मावणाऱ्या संगणकांनी ही सोय हिरावून घेतली. १९९६ मध्ये अमेरिकेत ‘पायलट १०००’ आणि ‘पायलट ५०००’ ही पाम कंपनीची उपकरणे बाजारात आली. त्यांच्यासाठीचे सॉफ्टवेअर लिहिले जाई विंडोज वा मॅकिंटॉश संगणकावर. चालायचे मात्र मोटोरोलाच्या ‘ड्रॅगनबॉल’ प्रोसेसरवर. प्रत्येक लहानसहान बदलानंतर प्रोग्राम उपकरणात उतरवायचा, चालवायचा आणि बिघडला की पुन्हा मूळ संगणकाकडे वळायचे, असा हा द्राविडी प्राणायाम होता.

ग्रेग ह्यूगिल या प्रोग्रामरने तयार केलेल्या ‘कोपायलट’ने तो संपवला. पुढे पाम कंपनीने हे काम आपल्याकडे घेऊन ‘पाम ओएस एम्युलेटर’ विकसित केला आणि मूळ आज्ञावलीसह तो विनामूल्य उपलब्ध केला.

एम्युलेटर म्हणजे काय?

एम्युलेटर हा उपकरणाचे केवळ चित्र दाखवणारा प्रोग्राम नव्हे. ड्रॅगनबॉल प्रोसेसरची प्रत्येक आज्ञा तो वाचतो आणि तिचा परिणाम मेजावरच्या संगणकात घडवून आणतो. मेमरी, १६० बाय १६० बिंदूंचा पडदा, बटणे, लेखणीचा स्पर्श या साऱ्यांची तो नक्कल करतो. त्यामुळे उपकरणासाठी तयार झालेली ‘पीआरसी’ फाइल काहीही बदल न करता त्यावर चालते. सिम्युलेटर याहून वेगळा. त्यात कार्यप्रणालीच मेजावरच्या संगणकासाठी नव्याने बांधलेली असते. प्रोसेसरची नक्कल नसते.

पहिली गरज ‘रॉम’ची

एम्युलेटर मिळाला म्हणजे काम झाले असे नाही. तो जणू रिकामे घर असतो. कार्यप्रणाली त्यात बाहेरून आणावी लागते. पामची कार्यप्रणाली उपकरणातील ‘रॉम’मध्ये साठवलेली असे. तिची प्रत मिळवण्याचे दोन मार्ग होते. स्वतःच्या उपकरणात एक छोटा प्रोग्राम टाकून क्रेडलच्या तारेतून रॉम संगणकात उतरवून घ्यायचा, किंवा पामकडे विकासक म्हणून नोंदणी करून, करार मान्य करून ती फाइल घ्यायची. एम्युलेटर मुक्त असला तरी रॉमवर कंपनीचा स्वामित्वहक्क होता, म्हणून ही अट. दुसऱ्या मार्गाचा आणखी एक लाभ म्हणजे ‘डीबग रॉम’. ग्राहकाच्या उपकरणातील रॉम ज्या चुका निमूटपणे पोटात घालतो, त्या हा रॉम बोलून दाखवतो. चाचणीसाठी तोच वापरणे श्रेयस्कर.

मांडणी

नवे सत्र सुरू करताना एम्युलेटर चार गोष्टी विचारतो : उपकरण कोणते, त्याचे बाह्यरूप कोणते, मेमरी किती आणि रॉमची फाइल कुठली. बाह्यरूप शोभेपुरते असते. उरलेल्या तिन्ही निवडी मात्र महत्त्वाच्या. उपकरण आणि रॉम यांची जोडी जुळली नाही, तर सत्र नीट सुरूच होत नाही. मेमरी निवडताना ग्राहकांकडे असलेल्या सर्वांत लहान उपकरणाचा विचार करावा. ‘पायलट १०००’मध्ये अवघी १२८ किलोबाइट मेमरी होती. आठ मेगाबाइटमध्ये सुरळीत चालणारा प्रोग्राम तेथे गुदमरू शकतो.

सत्र सुरू झाले, की पीआरसी फाइल माऊसने ओढून पडद्यावर सोडली तरी प्रोग्राम उतरतो. लेखणीचे काम माऊस करतो आणि अक्षरे थेट कळफलकावरून टाइप करता येतात. ही स्थिती सत्राच्या फाइलमध्ये जतन करून ठेवावी. चाचणीत सारे कोलमडले, तरी त्याच स्वच्छ आरंभापासून पुन्हा सुरुवात करता येते.

चुका पकडणारी यंत्रणा

एम्युलेटरचे खरे मोल सोयीत नाही, शिस्तीत आहे. पायलटमध्ये हार्ड डिस्क नव्हती. दूरध्वनी क्रमांक, भेटीच्या वेळा, टिपणे सारे काही दोन लहान सेलवर जगणाऱ्या मेमरीत असे. एखाद्या सदोष प्रोग्राममुळे उपकरण अडकून ‘हार्ड रीसेट’ करण्याची वेळ आली, तर शेवटच्या ‘हॉटसिंक’नंतरची प्रत्येक नोंद पुसली जाई. चुकीची किंमत विकासक नव्हे, वापरणारा मोजत असे.

म्हणूनच एम्युलेटर मेमरीच्या प्रत्येक वाचन-लेखनावर नजर ठेवतो. प्रोग्रामने कार्यप्रणालीला डावलून पडद्याच्या मेमरीत थेट लिहिले, हार्डवेअरच्या रजिस्टरला हात लावला किंवा किंमत न भरलेली जागा वाचली, की तो चालता प्रोग्राम थांबवून इशारा देतो. असे प्रोग्राम प्रत्यक्ष उपकरणावर पुष्कळदा व्यवस्थित चालत. त्यामुळे अनेकांना हे इशारे जाचक वाटून ते बंद ठेवण्याचा मोह होई. पण उपकरणाची अंतर्गत रचना बदलली, की अशा आडवाटेने जाणाऱ्या प्रोग्रामवरच प्रथम संकट येणार, हे उघड होते.

दुसरे साधन म्हणजे ‘ग्रेमलिन’. हा अदृश्य खोडकर प्राणी पडद्यावर वाटेल तिथे टिचक्या मारतो, वाटेल ती अक्षरे लिहितो आणि हजारो क्रिया न थकता करतो. त्याचा धुमाकूळ मात्र हिशेबी असतो. प्रत्येक ग्रेमलिनला क्रमांक असतो आणि त्याच आरंभस्थितीतून तोच क्रमांक दिला, की क्रियांचा तोच क्रम पुन्हा घडतो. सापडलेली चूक हवी तेव्हा पुन्हा घडवून आणता येणे, हीच दुरुस्तीची पहिली पायरी.

मर्यादा

नक्कल कितीही हुबेहूब असली, तरी ती नक्कलच. एम्युलेटरचा वेग मेजावरच्या संगणकावर अवलंबून असल्याने प्रोग्राम किती जलद चालेल, याचा अंदाज त्यावरून बांधू नये. सेल किती टिकेल, उन्हात पडदा दिसेल का, बोटाएवढ्या लेखणीने लहान बटण दाबता येईल का, हे कळण्यासाठी उपकरण हातातच घ्यावे लागते. शिवाय २००२ मध्ये आलेल्या ‘पाम ओएस ५’ने एआरएम प्रोसेसर स्वीकारला. जुना एम्युलेटर तेथे निरुपयोगी ठरला आणि विकासकांना सिम्युलेटरकडे वळावे लागले.

पामची उपकरणे आता इतिहासजमा झाली आहेत. २०१० मध्ये एचपीने ही कंपनी विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी उपकरणांचे उत्पादन थांबवले. मूळ आज्ञावली खुली असल्याने एम्युलेटर मात्र उरला. त्याच्याच आधारे बांधलेल्या ‘क्लाउडपायलट’मुळे जुने पाम प्रोग्राम आज ब्राउझरमध्येही चालवता येतात. अँड्रॉइडच्या विकासकांना मिळणारे ‘मंकी’ हे साधनही ग्रेमलिनप्रमाणेच यादृच्छिक क्रिया करते आणि तोच बीजांक दिला की त्याच क्रमाने करते. उपकरणे बदलली, तरी क्रम तोच उत्तम : आधी सर्व इशारे चालू ठेवून एम्युलेटरवर कसून चाचणी, आणि अखेरचा कौल प्रत्यक्ष उपकरणाचा.