किम-वनचा स्मृतिदोष

१९७६ साली अमेरिकेतल्या मॉस टेक्नॉलॉजी कंपनीने २४५ डॉलरला एक उघडी पाटी विकायला काढली. वर पेटी नाही, पडदा नाही. ६५०२ हा प्रोसेसर, २३ कळा आणि सहा लाल अंक, एवढाच संसार. नाव किम-वन. सनावळ्या आणि तहनामे शिकवण्यात माझी नोकरी सरली, तरी या पाटीच्या इतिहासाची मला ओढ आहे, आणि तीही तिच्या बिघाडामुळे.

तिची स्मृती १०२४ बाइटांची, आठ चिपांत वाटलेली. पण ही वाटणी भावांनी शेताच्या आठ पट्ट्या पाडाव्यात तशी नव्हे. प्रत्येक बाइटाच्या आठ बिटांपैकी एकेक बिट एकेका चिपकडे. त्यामुळे एक चिप गेली की १०२४ च्या १०२४ बाइटांना एकाच जागी भोक पडते.

एखादाच कप्पा नासला असेल तर शोध सोपा. त्या पत्त्यावर एफएफ, म्हणजे आठही बिटे एक, असे लिहायचे. अंकांवर एफ७ उमटले की उजवीकडून चौथे बिट शून्यावर अडकलेले; चिप सापडली. मग शून्ये लिहून उलट तपासणी, कारण काही बिटे एकावरही अडकतात.

पण आख्खी चिपच गेली तर? पाटी चालवणारा मॉनिटर नावाचा प्रोग्राम रॉममध्ये सुखरूप असतो. मात्र दाबलेला पत्ता, दाखवायचा अंक, काम संपल्यावर परत कुठे जायचे, ही टिपणे तो त्याच १०२४ बाइटांत ठेवतो. टिपण बिघडले की तो परतीची वाट चुकतो आणि अंक उजळत नाहीत. ज्याची साक्ष काढायची त्याचीच वाचा गेलेली! अशा वेळी स्मृतीला मुळीच न विसंबणारा तपासणीचा प्रोग्राम वेगळ्या रॉममधून चालवतात. सारा हिशेब प्रोसेसरच्या आतल्या तीन रजिस्टरांत.

पडताळणीसाठी नववे बिट ठेवायचे तर नववी चिप लागली असती. ती नव्हती, म्हणून यंत्र आपणहून तक्रार करीत नसे. १९७६ मध्येच पीटर जेनिंग्ज यांनी या इवल्या स्मृतीत बुद्धिबळ बसवले. असा प्रोग्राम हाताने एकेक बाइट भरताना नवशिक्याने आपलीच चूक शोधत बसावे आणि खोट मात्र चिपची असावी, हे माझ्यातल्या मास्तराला फार लागते.

चिपा बहुधा डाखाने जोडलेल्या. सोळा पाय एकेक करून सोडवायचे, तिथे सॉकेट बसवायचे, नवी चिप घालायची. मग पुन्हा एफएफ, पुन्हा शून्ये.