जेम्स, ॲलेक्स

जेम्स, ॲलेक्स : (१४ सप्टेंबर १९०१ – १ जून १९५३). दोन महायुद्धांमधल्या काळातील स्कॉटिश व्यावसायिक फुटबॉलपटू. जन्म लॅनर्कशरमधील मॉसेंड येथे. रेथ रोव्हर्स या स्कॉटिश संघानंतर १९२५ मध्ये तो प्रेस्टन नॉर्थ एंड या दुसऱ्या श्रेणीतल्या इंग्लिश संघात आला आणि चार हंगामांत त्याने पन्नासहून अधिक गोल केले. ३१ मार्च १९२८ रोजी वेम्बलीवर स्कॉटलंडने इंग्लंडचा ५–१ असा धुव्वा उडवला, त्यातले दोन गोल त्याचे. १९२९ मध्ये आर्सेनलने ८,७५० पौंड मोजून त्याला घेतले. आठवड्याला ८ पौंडांहून अधिक पगार देण्यास तेव्हा बंदी होती. पळवाट म्हणून सेल्फ्रिजेस या लंडनच्या दुकानात क्रीडासाहित्याची प्रात्यक्षिके दाखवण्याची, वर्षाला २५० पौंडांची नोकरी त्याला मिळाली.

आर्सेनलकडून २६१ सामन्यांत त्याचे गोल अवघे २७. ही उतरती कळा नव्हे, बदललेले काम होते. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाल्यावर सेंटर हाफ बचावात गेला आणि मैदानाच्या मधोमध पोकळी पडली. व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमनने तिथे जेम्सला मागे ओढले. बचावफळीकडून चेंडू घ्यायचा आणि बगलेवरच्या हुल्म किंवा बास्टिनच्या धावेपुढे टाकायचा, हे त्याचे काम. १९३२–३३ मध्ये बास्टिनने बगलेवर खेळून लीगमध्ये ३३ गोल केले, ते याच रचनेत. गोल करणे तो विसरला नव्हता : १९३० च्या एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात हडर्सफील्डचे खेळाडू सावरण्याआधीच त्याने फ्री किक बास्टिनकडे ढकलली आणि परतलेला चेंडू जाळ्यात मारला.

श्रेय चॅपमनच्या योजनेचे, खेळाडूचे नव्हे, असा आक्षेप घेता येतो. १९३३–३४ मध्ये दुखापतींमुळे जेम्स बऱ्याच सामन्यांना मुकला, तरी आर्सेनलने लीग जिंकली. परंतु संघाचे गोल ११८ वरून ७५ वर घसरले. पुढच्या हंगामात ते ११५ झाले. त्या वाढीत नवा आघाडीपटू टेड ड्रेक याचा वाटा मोठा, हे मान्य. तरीही योजना एकट्याने पुरली असती, तर एवढी घसरण झाली नसती. स्कॉटलंडकडून तो केवळ आठ सामने खेळला, पण क्लब आपल्या खेळाडूंना सोडायला नाखूश असत त्या काळात या संख्येवरून गुणवत्ता जोखणे धोक्याचे. चार लीग विजेतेपदे व दोन चषक त्याच्या काळातले. १९३६ चा चषक त्याच्या नेतृत्वाखाली.

१९३७ मध्ये निवृत्त.