घोयऱ्याचे डोळे मिटतात तेव्हा

रंग बदलणाऱ्या माणसाला सरड्याची उपमा देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ही उपमा ज्याला सर्वाधिक शोभावी तो शॅमेलिऑन, म्हणजेच मराठीतला घोयरा किंवा सरडगुहिरा, खरे तर रंगापेक्षा डोळ्यांसाठी अधिक विलक्षण मानला पाहिजे. भारतात आढळणारी शॅमेलिऑनची ही एकच जात. कुंपणावर मान हलवीत बसणारा, विणीच्या काळात गळा लाल करणारा नेहमीचा सरडा तो हा नव्हे. घोयरा चपट्या अंगाचा, डोक्यावर टोपीसारखा उंचवटा असलेला, शेपटीची गुंडाळी करून फांदीला धरणारा आणि चालताना पुढे-मागे झुलणारा प्राणी आहे. शेपटीसह त्याची लांबी साधारण फूटभर भरते. मेळघाटच्या पायथ्यापासून वऱ्हाडच्या काळ्या जमिनीपर्यंत, शेताच्या धुऱ्यावरची बाभूळ, बोरीचे झुडूप, काटेरी कुंपण अशा जागी तो राहतो. हिरव्या पानांत तो सहज दिसत नाही. दिसतो तो बहुधा डांबरी रस्ता ओलांडताना, किंवा पेरणीपूर्वी धुरे साफ करताना.

अशा वेळी तीन गोष्टींपैकी एक घडते. तो विषारी आहे या समजुतीने कुणी त्याला ठेचते, कुणी वनविभागाला कळवते, आणि कुणी कुतूहलाने उचलून घरी नेते. घोयरा विषारी नाही. तोंड वासून फुत्कारणे, अंग फुगवणे आणि काळपट पडणे एवढाच त्याचा बचाव असतो. घरी नेलेल्या घोयऱ्याच्या बाबतीत मात्र थोड्याच दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते. तो दिवसाही डोळे मिटून बसतो, किडे समोर ठेवले तरी खात नाही. घरच्यांना वाटते, तो झोपला आहे किंवा रुसला आहे. वास्तविक दिवसाउजेडी डोळे मिटलेला शॅमेलिऑन हा गंभीर आजारी प्राणी समजावा. हे एवढे कळले तरी पुष्कळ जीव वाचतील.

या डोळ्याची रचना समजून घेतल्याशिवाय त्याचा आजार समजत नाही. शॅमेलिऑनच्या वरच्या व खालच्या पापण्या जुळून त्यांचा खवलेदार शंकू झालेला असतो आणि बुबुळापुरते लहानसे छिद्र तेवढे उघडे राहते. हे दोन शंकू बुरुजावरच्या तोफांसारखे स्वतंत्रपणे फिरतात. एक पुढे पाहत असताना दुसरा मागची फांदी न्याहाळू शकतो. भक्ष्य सापडले की दोन्ही डोळे त्याच्यावर रोखले जातात आणि मग जीभ सुटते. माणसाला अंतराचा अंदाज मुख्यतः दोन डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांतील फरकावरून येतो. शॅमेलिऑन तो अंदाज भिंगाच्या नाभीयनावरून, म्हणजे कॅमेऱ्याप्रमाणे फोकस जुळवून घेतो. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्याच्या डोळ्यांसमोर चष्म्याची भिंगे ठेवली, तेव्हा त्याच्या जिभेचा नेम चुकला. १९९५ मध्ये आणखी एक आश्चर्य उघड झाले. पृष्ठवंशी प्राण्यांत सर्वत्र डोळ्याचे भिंग किरण एकत्र आणणारे असते, शॅमेलिऑनचे भिंग मात्र किरण फाकवणारे आहे. त्यामुळे दुर्बिणीप्रमाणे मोठी प्रतिमा मिळते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याच्या डोळ्यांमागच्या नसा जुन्या टेलिफोनच्या वायरीसारख्या वेटोळ्या असल्याचे दिसले. डोळा इतका फिरतो, पण नस ताणली जात नाही, ती त्यामुळे.

एवढ्या सूक्ष्म यंत्रात एक धुळीचा कण अडकला तरी नेम जातो. नेम गेला की अन्न गेले. मुंगूस किंवा कुत्रे वासावर काही काळ निभावून नेते, घोयऱ्याला ती सोय नाही. डोळ्यांचा आजार हा त्याच्यासाठी उपासमारीचा आजार आहे.

एक डोळा की दोन्ही?

घोयऱ्याचा डोळा बिघडलेला दिसला की पहिला प्रश्न हाच विचारावा. एकच डोळा मिटलेला, सुजलेला किंवा पाणावलेला असेल तर कारण बहुधा त्या जागेपुरते असते. त्यात धूळ, काटा, कात टाकताना शंकूच्या छिद्रात अडकलेला कातडीचा तुकडा किंवा दुसऱ्या प्राण्याने केलेली जखम ही कारणे येतात. निरोगी प्राणी असा कण स्वतःच काढू शकतो. तो डोळ्याचा शंकू फुगवतो, गरगर फिरवतो, फांदीवर घासतो आणि थोड्या वेळाने डोळा पूर्ववत होतो. हे क्षणभराचे फुगणे म्हणजे आजार नव्हे. दुसऱ्या दिवशीही सूज तशीच असेल तर मात्र तो आजार आहे.

दोन्ही डोळे मिटलेले असतील तर बिघाड डोळ्यांत कमी आणि शरीरात अधिक असण्याचा संभव असतो. वऱ्हाडात त्यातले पहिले कारण पाण्याची कमतरता. अकोल्याचा मे महिन्यातला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हवा कोरडी पडते, आणि खोक्यात किंवा काचपेटीत ठेवलेल्या प्राण्यासमोर भरलेली वाटी तशीच राहते. घोयरा साचलेले पाणी ओळखत नाही. पानावरचे दव, पावसाचे थेंब चाटून तो तहान भागवतो. वाटी भरलेली पाहून माणसाचे समाधान होते आणि प्राणी तिच्याशेजारी सुकत जातो. डोळ्यांचे शंकू आत ओढलेले, खळगा पडल्यासारखे दिसणे ही तहानेची खूण होय. सूज आणि खळगा यांतला हा भेद नवख्यालाही कळण्यासारखा आहे. डोळा बाहेर आलेला असेल तर संसर्ग, गळू किंवा जीवनसत्त्वाच्या अभावाची शंका घ्यावी. आत गेलेला असेल तर निर्जलीकरण, दीर्घ उपास किंवा मूत्रपिंडाचा विकार संभवतो.

दुसरे मोठे कारण 'अ' जीवनसत्त्वाचा अभाव. डोळ्याभोवतीच्या ग्रंथी व नलिका यांचे अस्तर ओलसर राहण्यासाठी हे जीवनसत्त्व लागते. ते मिळाले नाही की अस्तर कातडीसारखे राठ होते, मेलेल्या पेशींचा थर नलिकांत साचतो, डोळे सुजतात आणि मागाहून जिवाणू तिथे घर करतात. पाळीव शॅमेलिऑनला दिवसेंदिवस एकाच जातीचे किडे खाऊ घातल्याने हे होते. रानात तो नाकतोडे, माश्या, पतंग, सुरवंट असे नानाविध कीटक खातो. त्या कीटकांच्या पोटात रानातली पाने असतात. घरातल्या डब्यातल्या झुरळाच्या पोटात बिस्किटाचा चुरा असतो. किड्यांना गाजर, शेवग्याचा पाला खाऊ घालून मग ते द्यावेत असे सुचवले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र वनस्पतींतल्या कॅरोटिनचे 'अ' जीवनसत्त्वात रूपांतर करण्याची शॅमेलिऑनची क्षमता तोकडी असल्याचे अभ्यासक मानतात, म्हणून केवळ गाजरावर भिस्त ठेवता येत नाही. याउलट अंदाजाने जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देणे त्याहून घातक. मात्रा अधिक झाली तर कातडी सोलवटून निघते, आणि 'ड' जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा येऊन हाडेही कमजोर होतात. शेकडो किलोच्या गुरांच्या मापाने बनवलेल्या औषधातून काही ग्रॅम वजनाच्या प्राण्याची मात्रा काढणे हे हिशेबाचे आणि जबाबदारीचे काम आहे. ते पशुवैद्यकानेच, प्राण्याचे वजन करून करावयाचे असते.

दिव्यांविषयीही एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांना हाडांसाठी सूर्यप्रकाशातील ठरावीक अतिनील किरण लागतात. काचेतून आलेल्या उन्हात ते जवळजवळ नसतात. म्हणून परदेशात पाळणारे लोक खास दिवे वापरतात. चुकीचा दिवा फार जवळ लावल्याने बुबुळाचा दाह होऊन डोळे मिटल्याची उदाहरणे पशुवैद्यकांना परिचित आहेत. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातली अतिनील नळी तर याहून निराळी असते. ती जंतू मारण्यासाठी असते आणि कोणत्याही जिवाच्या डोळ्यांना इजाच करते.

घरगुती उपचारांची मर्यादा

गुरांच्या डोळ्यात काही गेले तर मध, तुरटीचे पाणी, दुधाचा थेंब घालण्याची सवय गावोगावी आहे. घोयऱ्याच्या बाबतीत यांपैकी काहीही करू नये. शंकूच्या छिद्रातून आत गेलेला चिकट पदार्थ सहज बाहेर येत नाही. औषधाच्या दुकानातून आणलेले माणसाचे डोळ्यांचे थेंबही धोक्याचे. त्यांपैकी अनेकांत स्टेरॉइड असते आणि बुबुळावर व्रण असताना स्टेरॉइड घातले तर व्रण खोल जाऊन डोळा फुटण्याची भीती असते. डोळ्याचा शंकू बोटांनी उघडण्याचा प्रयत्न तर कदापि करू नये.

मदत पोहोचेपर्यंत करण्यासारखे थोडेच आहे. प्राण्याला जाळीदार, हवेशीर टोपलीत एखादी जाड फांदी रोवून ठेवावे. उन्हात किंवा कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. कूलरच्या गवती ताटांतून येणारी धूळ हेच अनेकदा डोळ्यांना निमित्त होते. फवाऱ्याच्या बाटलीने पानांवर कोमट पाण्याचे बारीक तुषार उडवावेत, म्हणजे प्राणी स्वतः चाटू शकतो आणि डोळे धुऊन निघण्यासही मदत होते. तोंड उघडून पाणी ओतल्यास ते फुप्फुसात जाते. डोळे मिटलेल्या प्राण्याच्या तोंडात किडे कोंबण्याचा उपद्व्यापही टाळावा. शेतात नुकतीच फवारणी झाली असेल तर तिथले नाकतोडे त्याला मुळीच देऊ नयेत.

पशुवैद्यकाकडे गेल्यावर निर्जंतुक सलाइनने डोळा धुणे ही पहिली पायरी असते. त्यानंतर फ्लुरोसिन नावाचा रंग टाकून बुबुळावर व्रण आहे का ते पाहतात. व्रण असलेली जागा हिरवी चमकते. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू माणसाच्या पुवासारखा वाहत नाही. तो पनीरसारखा घट्ट असतो. म्हणूनच डोळ्यामागचे गळू केवळ प्रतिजैविकाने विरघळत नाही, भूल देऊन ते काढावे लागते. पुवाचा नमुना तपासून कोणते प्रतिजैविक लागू पडेल हे ठरवणे उत्तम, कारण अशा संसर्गात सामान्य औषधांना दाद न देणारे सुडोमोनाससारखे जिवाणू नेहमी आढळतात. डोळा पूर्ण निकामी झाला असेल तर तो काढून टाकण्याचाही पर्याय असतो. अंतराचा अंदाज एकाच डोळ्याच्या फोकसवरून येऊ शकत असल्याने उरलेला डोळा निकोप असेल तर प्राणी शिकार करू शकतो.

पाळीव म्हणून घोयरा ठेवावा का, या प्रश्नाला येथे जागाच नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये या प्राण्याला संरक्षण आहे. त्याला पकडणे, घरात ठेवणे, विकणे हा कैद व दंडाची शिक्षा असलेला गुन्हा आहे. उपचार करण्याच्या हेतूने ठेवला होता ही सबबही वनविभागाला न कळवता फार दिवस चालत नाही. मोठ्या शहरांतून विकत आणलेल्या येमेनच्या किंवा मादागास्करच्या शॅमेलिऑनची गोष्ट वेगळी असली तरी तेही मोकळे रान नाही. या जाती वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइटीस' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, अशा जातींची नोंदणी बंधनकारक झाली. तिचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाले आणि नोंदणी 'परिवेश' या केंद्राच्या संकेतस्थळावर करावयाची असते. नोंदणी नसलेल्या प्राण्याचा मालक पशुवैद्यकाकडे जायला कचरतो आणि डोळ्याचा साधा आजार लपवण्यात वाढत जातो, हा या व्यवहारातला सर्वांत वाईट भाग आहे.

अमरावती किंवा अकोल्यात आजारी अथवा जखमी घोयरा आढळल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवता येते, किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाशी संपर्क साधता येतो. अकोल्यात महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, तर नागपुरात सेमिनरी हिल्स येथे वनविभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर वन्य प्राण्यांवर उपचार करते. अमरावतीहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर आणि अकोल्याहून सुमारे अडीचशे. भर उन्हाळ्यात बंद डब्यातून एवढा प्रवास घोयऱ्याला झेपत नाही. प्राणी कोठे हलवायचा हे वनकर्मचारी व पशुवैद्यक यांनी ठरवावे आणि हलवायचा झाल्यास पहाटे निघावे. सोबत तो नेमका कोठे सापडला याची नोंद द्यावी. गाव, शेत, शक्य झाल्यास झाडही. बरा झाल्यावर सोडण्याची जागा त्यावरूनच निश्चित होते. घोयरा संथ आणि आपल्या परिसराला धरून राहणारा प्राणी आहे. मोर्शीच्या संत्र्याच्या बागेतला घोयरा चिखलदऱ्याच्या जंगलात सोडल्याने त्याचे भले होत नाही. मादी असेल आणि पोट फुगलेले असेल तर तेही सांगावे, कारण अंडी घालण्यासाठी ती झाडावरून जमिनीवर उतरते आणि रस्त्यावर सापडणाऱ्यांत अशा माद्याही असतात. अंड्यांनी भरलेल्या मादीला तिच्या वजनावरून औषधाची मात्रा काढताना पशुवैद्यकाला ही माहिती लागते.