पुण्यातील स्वराज्याचे राजकारण व लोकविश्वास (१८७०–१९२०)

ब्रिटिश अमदानीत पुणे शहरात जी राजकीय चळवळ उदयास आली, तिचा एक महत्त्वाचा विशेष म्हणजे सरकारी चौकश्या, न्यायालये, इंग्रजांची वृत्तपत्रे आणि प्रसंगी एतद्देशीय संस्था यांच्या सचोटीविषयी तीत सातत्याने घेतली गेलेली शंका. पुणे सार्वजनिक सभेच्या स्थापनेपासून (१८७०) लोकमान्य टिळकांच्या निधनापर्यंतच्या (१९२०) पन्नास वर्षांत या अविश्वासाने स्वराज्याच्या मागणीला बळ दिले आणि लोकांच्या स्वतःच्या संस्था व वृत्तपत्रे उभी केली. तथापि जेथे शंकेला पुराव्याचा आधार मिळाला नाही, तेथे चळवळीलाच तिची झळ पोहोचली. लोकांच्या नावाने बोलणाऱ्या नव्या संस्थांनाही पुढे याच शंकेला उत्तर द्यावे लागले.

पार्श्वभूमी : सार्वजनिक सभेचे मूळ पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारींत होते. देवस्थानाच्या पंचांवर लोकांचा विश्वास उरला नव्हता आणि या तक्रारी मांडणाऱ्यांना लोकांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणी दिला, हा प्रश्न उपस्थित होत होता. त्यामुळे २ एप्रिल १८७० रोजी सभा स्थापन झाली, तेव्हा प्रत्येक सभासदाने किमान पन्नास व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा नियम करण्यात आला. आरंभीच्या ९५ सभासदांना सहा हजारांवर लोकांनी अशी मुखत्यारपत्रे दिली होती. गणेश वासुदेव जोशी (सार्वजनिक काका) हे सभेचे प्रमुख कार्यकर्ते होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८७१ मध्ये पुण्यास आल्यावर सभेच्या कार्याला अभ्यासाची जोड मिळाली. शेतकऱ्यांच्या स्थितीची पाहणी, १८७६-७७ च्या दुष्काळात गावोगावची माहिती जमवून ती सरकारपुढे ठेवणे आणि १८७८ पासून इंग्रजी त्रैमासिक चालविणे, ही सभेची प्रमुख कामे होत. सरकारी माहिती अपुरी वाटत असल्यास आपण स्वतः माहिती गोळा करावी, ही रानडे यांची पद्धती होती. तीत अविश्वास होता. पण तो आकडे व निवेदने यांच्या रूपाने व्यक्त होत असे.

हा अविश्वास एकतर्फी नव्हता. १८७८ मध्ये देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा करण्यात आला (१८८२ मध्ये रद्द). त्यातून इंग्रजी भाषेतील पत्रे वगळण्यात आली होती. वासुदेव बळवंत फडके यांचे बंड आणि पुण्यातील बुधवार वाडा व विश्रामबाग वाडा यांना लागलेल्या आगी (१८७९) यांनंतर खुद्द रानड्यांविषयी सरकारला संशय आला. त्यांची धुळ्यास बदली झाली व त्यांची पत्रे गुप्तपणे तपासण्यात येऊ लागली. सरकारी नोकरीत राहून सनदशीर मार्गाचा पुरस्कार करणाऱ्या न्यायाधीशाचाही जेथे भरवसा वाटत नव्हता, तेथे परस्परविश्वासाला जागा थोडीच होती.

स्वतंत्र वृत्तपत्रे व पहिली कसोटी : पुण्यात ज्ञानप्रकाश हे पत्र १८४९ पासून निघत होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक, गोपाळ गणेश आगरकर प्रभृतींनी न्यू इंग्लिश स्कूल (१८८०) काढले आणि पाठोपाठ जानेवारी १८८१ मध्ये मराठा (इंग्रजी) व केसरी (मराठी) ही साप्ताहिके सुरू केली. सरकारी शिक्षण व इंग्रजांची वृत्तपत्रे यांना पर्याय निर्माण करणे, हा या उपक्रमांचा समान हेतू होता. डेक्कन एज्युकेशन सोसायटी (१८८४) व फर्ग्युसन कॉलेज (१८८५) ही त्यांचीच फळे होत.

या पत्रांची पहिली कसोटी लवकरच लागली. कोल्हापूरचे महाराज चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ होत आहे व त्यामागे कारभारी माधवराव बर्वे यांचे कारस्थान आहे, असे आरोप केसरी व मराठा यांनी केले. त्यांना आधार म्हणून दाखविण्यात आलेली पत्रे बनावट ठरली आणि १८८२ मध्ये अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक-आगरकरांना चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते सुटले. जोतीराव फुले यांचे सहकारी रामशेठ उरवणे यांनी त्यांना जामीन दिला होता, ही गोष्ट उल्लेखनीय आहे. महाराजांचा पुढील वर्षी अहमदनगर येथे गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर मृत्यू झाला, तेव्हा मूळ शंका निराधार नव्हती, अशी लोकभावना दृढ झाली. तथापि शंका रास्त असणे आणि विशिष्ट व्यक्तीवरील आरोप सिद्ध होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

याच दशकात आयर्लंडमध्ये याच्या उलट प्रकार घडला. तेथील स्वराज्यवादी नेते पार्नेल यांना राजकीय खुनांशी जोडणारी पत्रे लंडनच्या टाइम्स ने १८८७ मध्ये छापली. ती पिगॉट नावाच्या इसमाने बनविलेली होती, हे चौकशी आयोगापुढे १८८९ मध्ये उघड झाले. सत्ताधाऱ्यांना अनुकूल असलेले प्रतिष्ठित पत्रही बनावट कागदांना बळी पडते, हे त्यावरून दिसून आले.

क्रॉफर्ड प्रकरण : मध्य विभागाचा आयुक्त आर्थर क्रॉफर्ड याच्यावर १८८८ मध्ये मामलेदारांकडून लाच घेतल्याचा आरोप आला. साक्ष देणाऱ्या मामलेदारांना सरकारने अभयवचन दिले होते. चौकशी आयोगाने क्रॉफर्ड यास लाचलुचपतीच्या आरोपांतून मुक्त केले; मात्र हाताखालील लोकांकडून कर्जे घेतल्यामुळे त्याची नोकरी गेली. त्यानंतर अभयवचनावर विसंबून साक्ष दिलेल्या मामलेदारांवरच कारवाईचे संकट आले. टिळकांनी १८८९ मध्ये पुण्यात सभा भरवून त्यांची बाजू मांडली. त्यांचा मुख्य मुद्दा सरकारने दिलेला शब्द पाळण्याविषयी होता.

दुष्काळ, प्लेग व राजद्रोहाचा खटला : १८९५ मध्ये सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या हाती गेली. रानडे व गोखले यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा स्थापन केली. १८९६-९७ च्या दुष्काळात सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी सरकारच्याच दुष्काळविषयक नियमांची माहिती खेड्यापाड्यांत पोहोचविली व त्यांनुसार सूट मागण्यास शेतकऱ्यांना उद्युक्त केले. मार्च १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली.

त्याच सुमारास पुण्यात प्लेगची साथ पसरली. फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला व्यापक अधिकार मिळाले. वॉल्टर चार्ल्स रँड याच्या अध्यक्षतेखालील समितीने मार्चपासून गोऱ्या सैनिकांकरवी घरझडत्या सुरू केल्या. रोग्यांना रुग्णालयात व त्यांच्या कुटुंबीयांना छावण्यांत हलविणे, सामान जाळणे, देवघरात व स्वयंपाकघरात शिरणे यांमुळे शहरात प्रक्षोभ उसळला. साथ आटोक्यात आणण्यासाठी काही उपाय आवश्यक होते, हे टिळकांना मान्य होते. त्यांनी स्वतः हिंदू प्लेग रुग्णालय चालविण्यात पुढाकार घेतला. त्यांचा आक्षेप उपायांपेक्षा ते राबविण्याच्या रीतीवर व दाद न मिळण्यावर होता.

२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत दामोदर व बाळकृष्ण चापेकर यांनी रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट तत्काळ व रँड ३ जुलै रोजी मरण पावला. या हत्यांचा संबंध केसरी तील लेखनाशी जोडणारा मजकूर मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया ने प्रसिद्ध केला. पुण्यात जादा पोलिस बसविण्यात आले. नातू बंधूंना १८२७ च्या जुन्या नियमाखाली खटल्यावाचून स्थानबद्ध करण्यात आले व टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. सप्टेंबर १८९७ मध्ये न्या. स्ट्रॅची यांनी कायद्यातील ‘अप्रीती’ या शब्दाचा अर्थ केवळ ‘प्रीतीचा अभाव’ असा लावला. सहा यूरोपीय ज्यूरींनी टिळकांना दोषी व तीन हिंदी ज्यूरींनी निर्दोष ठरविले. बहुमतानुसार त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. ज्यूरींचा कौल वंशानुसार विभागला गेल्याने लोकांच्या मनातील न्यायालयांच्या प्रतिष्ठेला मोठा धक्का बसला.

गोखल्यांची क्षमायाचना : या वेळी गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप त्यांनी मँचेस्टर गार्डियन मधून केला. परत आल्यावर मात्र पुरावा देण्यास कोणी पुढे येईना. तेव्हा ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांनी जाहीर क्षमा मागितली. पुण्यातील अनेकांना ती दुबळेपणाची वाटली, तर सरकारपक्षाने तिचा उपयोग सर्वच तक्रारी खोट्या ठरविण्यासाठी केला. अब्रूच्या भीतीमुळे स्त्रियांवरील अत्याचाराची साक्ष देणे त्या काळी किती कठीण होते, हे लक्षात घेतल्यास पुराव्याच्या अभावावरून तक्रारी खोट्या ठरत नाहीत. तथापि जे सिद्ध करता येत नाही ते मागे घेण्याचे गोखल्यांचे धैर्यही दुर्लक्षणीय नाही. सार्वजनिक जीवनातील शब्दाची जबाबदारी कोणती, हा प्रश्न या घटनेने पुण्यापुढे ठेवला.

१९०८ चा खटला व त्यानंतर : मुझफरपूर येथील बाँबस्फोटावरील केसरी तील लेखांबद्दल जुलै १९०८ मध्ये टिळकांवर दुसरा राजद्रोहाचा खटला चालला. ज्यूरींत सात यूरोपीय व दोन पारशी होते. मराठी लेखांचा निवाडा मराठी जाणणाऱ्यांनी करावा, सरकारी भाषांतरे सदोष आहेत, असे टिळकांनी आपल्या सु. २१ तासांच्या भाषणात दाखवून दिले. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले. न्या. दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा दिली व त्यांना मंडालेच्या तुरुंगात ठेवण्यात आले. १९१० च्या मुद्रण कायद्याने वृत्तपत्रांकडून अनामत मागण्याचे अधिकार सरकारला मिळाले.

एप्रिल १९१६ मध्ये टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली. आयर्लंडमधील स्वराज्याच्या मागणीचे नावच त्यांनी घेतले. कारण ती मागणी ब्रिटिश कायद्यात बसणारी म्हणून परिचित होती. त्याच वर्षी पुण्याच्या दंडाधिकाऱ्याने त्यांच्याकडून वीस हजार रुपयांचा जातमुचलका व प्रत्येकी दहा हजारांचे दोन जामीन मागितले. हा हुकूम मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९१६ मध्ये रद्द केला आणि त्यामुळे स्वराज्याची मागणी म्हणजे राजद्रोह नव्हे, हे चळवळीला उघडपणे सांगता आले. ज्या न्यायालयाने दोनदा शिक्षा दिली, त्यानेच हे संरक्षण दिले.

लंडनच्या टाइम्स चा प्रतिनिधी व्हॅलेंटाइन शिरोल याने १९१० च्या आपल्या ग्रंथात टिळकांचा संबंध हिंसेशी जोडला होता. टिळकांनी लंडनमध्ये त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. शिरोल यास मुंबई सरकारने कागदपत्रे व अधिकारी यांचे साहाय्य दिले. फेब्रुवारी १९१९ मध्ये टिळक हरले. पार्नेल यांना लाभलेला न्याय त्यांना मिळाला नाही. तरी या प्रकरणाने सरकार व बडी वृत्तपत्रे यांच्या परस्परसाहाय्याविषयीची हिंदी लोकांची शंका पुष्ट केली.

एतद्देशीय संस्थांविषयीची शंका : या चळवळीच्या संस्था बहुजन समाजाला आपल्या वाटत होत्या, असे म्हणता येत नाही. सत्यशोधक समाज (१८७३) व कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात सुरू केलेले दीनबंधु (१८७७) यांमधून वेगळा आवाज उमटला. सार्वजनिक सभा ही नावापुरतीच सार्वजनिक असून तीत शूद्रातिशूद्रांना स्थान नाही, अशी फुले यांची टीका होती. स्त्रीशिक्षणाबाबत केसरी ने घेतलेल्या प्रतिकूल भूमिकेमुळे सुधारकांनाही त्या पत्राविषयी दुरावा वाटे. मतभेदांमुळे केसरी सोडून आगरकरांनी सुधारक काढले (१८८८). १९१७ नंतर ब्राह्मणेतर पक्षाने स्वतंत्र राजकीय प्रतिनिधित्वाची मागणी केली, तिच्या मुळाशी हाच अविश्वास होता.

मूल्यमापन : टिळक, गोखले, रानडे व फुले यांची मते भिन्न होती, पण त्यांपैकी कोणीही अविश्वासाचे पर्यवसान सार्वजनिक जीवनातून माघार घेण्यात केले नाही. टिळक नगरपालिकेत व मुंबईच्या विधिमंडळात गेले. न्यायालयाला दोषी ठरवीत असतानाही त्यांनी न्यायालयाचेच दार ठोठावले. १९१९ च्या सुधारणांविषयी त्यांनी पुरस्कारिलेली ‘प्रतियोगी सहकारिता’ म्हणजे समोरची संस्था जितकी विश्वासास पात्र ठरेल तितकेच तिला सहकार्य देण्याचे धोरण होय. टिळकांच्या निधनानंतर (१ ऑगस्ट १९२०) असहकारितेच्या चळवळीने सरकारी शाळा, न्यायालये व विधिमंडळे यांवरील बहिष्काराचा वेगळा मार्ग स्वीकारला. पुण्याच्या या पन्नास वर्षांत चळवळीचे बळ अविश्वासाच्या तीव्रतेवर फारसे अवलंबून राहिले नाही. जमविलेली माहिती, उभारलेल्या संस्था आणि स्वतःवरील टीका ऐकून घेण्याची तयारी यांच्या प्रमाणात ते वाढले वा घटले. यांपैकी शेवटच्या बाबतीत ती सर्वांत उणी पडली आणि त्या उणिवेचे परिणाम महाराष्ट्राच्या पुढील राजकारणावर दीर्घकाळ होत राहिले.