संदेशाद्वारे तंबाखूमुक्ती (खानदेश)

तंबाखू, बिडी, सिगारेट किंवा ई-सिगारेट सोडू पाहणाऱ्या व्यक्तीला मोबाइलवर ठरावीक काळ छोटे संदेश पाठवून आधार देण्याची पद्धत. व्यक्ती सोडण्याचा दिवस ठरवते. त्याआधी तयारीचे आणि नंतर तलफ आवरण्याचे संदेश येतात. निकोटिन बंद केल्यावरचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. म्हणून संदेश सुरुवातीला दाट आणि पुढे विरळ ठेवतात.

न्यूझीलंडमधील 2005 च्या चाचणीत सहा आठवड्यांनंतर संदेश मिळालेल्यांपैकी 28 टक्के, तर इतरांपैकी 13 टक्के लोक धूम्रपानापासून दूर होते. ब्रिटनमध्ये 5,800 जणांवरील चाचणीत (2011) सहा महिन्यांनंतर धूम्रपानापासून दूर असल्याचे, तपासणीने पडताळलेले प्रमाण संदेश मिळालेल्यांत 10.7 आणि इतरांत 4.9 टक्के होते. अमेरिकेत ई-सिगारेट ओढणाऱ्या तरुणांसाठी ‘धिस इज क्विटिंग’ ही सेवा 2019 मध्ये सुरू झाली. 18 ते 24 वयाच्या 2,588 जणांवरील चाचणीत सात महिन्यांनंतर 24.1 टक्के जण ई-सिगारेटपासून दूर होते. तुलनेच्या गटात हे प्रमाण 18.6 टक्के होते. फरक डोळे दिपवणारा नाही, पण संदेशाचा खर्च पाहता तो कमीही नाही.

भारतात ई-सिगारेटचे उत्पादन, विक्री आणि साठवण यांवर 2019 पासून कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्रात खरा प्रश्न तोंडातल्या तंबाखूचा आहे. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यात 24.4 टक्के प्रौढ धूररहित तंबाखू घेत होते, तर धूम्रपान करणारे 3.8 टक्केच होते. खानदेशातील जळगाव-धुळ्याचे चित्रही याच वळणाचे आहे. चुना लावून हातावर मळलेली तंबाखू, दातांना लावायची मिसरी आणि जुलै 2012 पासून बंदी असूनही मिळणारा गुटखा ही इथली ओळखीची रूपे. मुंबई-आग्रा महामार्गावर शिरपूर तालुक्यात गुटख्याची वाहने वरचेवर पकडली जातात.

अशा ठिकाणी परदेशी संदेशमाला जशीच्या तशी उचलून भागत नाही. ‘लायटर घराबाहेर ठेवा’ हा सल्ला खिशात चुन्याची डबी बाळगणाऱ्याच्या काय कामाचा? रावेर-यावलच्या केळीच्या बागांत काम थांबले की एकाची पुडी चारचौघांत फिरते. तिथे नाही कसे म्हणायचे, हे सांगणारा संदेश हवा. भाषेचाही प्रश्न आहे. घरात अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्याला पुस्तकी मराठी उपदेशासारखी वाटू शकते, आणि वाचता न येणाऱ्यासाठी ध्वनिसंदेशच बरा. मिसरी लावणाऱ्या स्त्रीजवळ स्वतःचा मोबाइल नसेल, तर संदेश नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हाती पडतो. तिने सवय लपवलेली असेल, तर ही अडचण लहान नाही.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या साहाय्याने 2016 मध्ये ‘एम-सेसेशन’ हा कार्यक्रम सुरू केला. 011-22901701 या क्रमांकावर मिस्ड कॉल दिला की नोंदणी होते. ही युक्ती इथल्या सवयीला अगदी जुळणारी होती: पैसे लागत नाहीत, अर्ज भरावा लागत नाही. 20 लाखांहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. मात्र बँका, कंपन्या आणि जाहिरातदारांच्या गर्दीत असा संदेश न वाचताच राहून जाण्याचा धोका असतो.

संदेशाला बोलण्याची जोड मिळते ती राष्ट्रीय क्विटलाइनची, म्हणजे तंबाखू सोडण्यासाठी फोनवरून सल्ला देणाऱ्या सेवेची. 1800-112-356 हा तिचा निःशुल्क क्रमांक. 2016 मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये ती सुरू झाली. 2018 मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासह आणखी केंद्रे जोडली गेली. 1 सप्टेंबर 2018 पासून हा क्रमांक तंबाखूच्या वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. टपरीवर एक-दोन बिड्या सुट्या घेणाऱ्याच्या हाती मात्र ते वेष्टन येतच नाही.