चांगआनच्या विहारांतील मुदान

विनयपिटकातील तेरावा संघादिसेस नियम ‘कुलदूसक’ या नावाने ओळखला जातो. कीटागिरी येथे राहणारे अस्सजि आणि पुनब्बसुक हे भिक्खू फुलझाडे लावीत, त्यांना पाणी घालीत, फुले खुडून माळा गुंफीत आणि त्या गृहस्थांच्या घरच्या स्त्रियांना पाठवीत. (हा अस्सजि म्हणजे पंचवर्गीय भिक्खूंपैकी अस्सजि नव्हे, नामसाम्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो.) तथागतांनी सारिपुत्त व मोग्गल्लान यांना तेथे पाठवून या भिक्खूंवर पब्बाजनीय कर्म करविले. फुलझाड लावण्यासारख्या वरकरणी निरुपद्रवी गोष्टीसाठी एवढी कठोर कारवाई का व्हावी? आणि असाच नियम ज्यांच्या विनयात होता, त्या चिनी संघाच्या विहारांत तांग राजवटीच्या काळी साऱ्या राजधानीला वेड लावणारे फूल कसे वाढले? हे दोन्ही प्रश्न एकत्र घेणे उपयुक्त ठरेल.

ते फूल म्हणजे मुदान. पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्रात त्याला पिओनी म्हणतात. पिओनिया या एकाच प्रजातीचे पिओनिएसी हे स्वतंत्र कुल मानले जाते. पूर्वी ही प्रजाती बचनागाच्या कुलात घालीत असत. चिनी लोक तिचे दोन प्रकार स्पष्टपणे वेगळे ओळखतात. हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळून वसंतात पुन्हा फुटते ती शाओयाओ. आणि जिचे लाकडी खोड वर्षानुवर्षे टिकते ती मुदान. लागवडीतील मुदान पाच रानटी जातींच्या संकरातून निर्माण झाली, असे 2014 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनातून दिसून आले. पश्चिम हिमालयात पिओनिया एमोडी ही जात उगवते; काश्मीरकडे तिला मामेख म्हणतात. परंतु पिओनीला हिवाळ्यात दीर्घकाळ कडाक्याची थंडी लागते. थंडीविना डोळे नीट फुटत नाहीत. म्हणूनच मगध-कोसलच्या परिसरात रचल्या गेलेल्या साहित्यात तिचा शोध घेणे व्यर्थ आहे.

चीनमध्येही ती प्रथम औषधी म्हणूनच माहीत होती. तिच्या मुळाची साल आजही तेथील वैद्यकात वापरतात. शोभेची वनस्पती म्हणून तिचा उदय कसा झाला, याविषयी नवव्या शतकातील लेखक दुआन छंगशी याने दिलेली हकिकत आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. खाइयुआन कालखंडाच्या (इ.स. 713-741) अखेरीस पेइ शियान नावाचा अधिकारी उत्तरेकडील कामगिरीवरून परतत असता फेनचौ येथील एका बौद्ध विहारात त्याला पांढऱ्या मुदानीचे एक झाड मिळाले. ते त्याने चांगआन येथील आपल्या घरी लावले आणि पुढील काही वर्षांत ते राजधानीतील एक नवल ठरले. म्हणजे झाड विहारातून गृहस्थाकडे गेले आहे, गृहस्थाकडून विहारात आलेले नाही. हाच लेखक सांगतो की शिंगतांग विहारातील एका झाडाला युआनहो काळात (806-820) बाराशे फुले आली होती.

येथवर आक्षेप घेण्यासारखे काही नाही. पण त्याच सुमारास लिहिणारा ली चाओ एक वेगळी बाजू दाखवितो. वसंताच्या अखेरीस मुदान पाहण्यासाठी गाड्याघोड्यांची झुंबड उडे, न जाणे हे लाजिरवाणे मानले जाई, आणि नगराबाहेरील मठ-विहारांत ही झाडे नफ्यासाठी लावली जात. एकेका झाडाला कित्येक दहा-हजार नाणी मोजली जात, असे तो नोंदवितो. कवी बाई जुयी याने याच फुलबाजारावर एक कविता लिहिली. तिच्यात फुलांच्या एका ताटव्याची किंमत सामान्य कुटुंबांच्या कराशी ताडून पाहिली आहे. हा कवी स्वतः बौद्ध उपासक होता आणि शीमिंग विहारातील मुदानीवरही त्याने लिहिले आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. शीमिंग म्हणजे विनयाचार्य दाओश्वान (596-667) ज्या विहाराचे स्थविर होते तोच. ज्याने चीनमध्ये धर्मगुप्तक विनयाची घडी बसविली, त्याच्याच विहारात पुढे हा फुलोत्सव भरू लागला.

विनयाचा निकष लावायचा तर दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. पाचित्तिय 10 अन्वये भिक्खूने जमीन खणू नये आणि पाचित्तिय 11 अन्वये भूतगाम म्हणजे वनस्पती तोडू नये. भूतगामाची फोड करताना विभंगात पाच प्रकार सांगितले आहेत: मूलबीज, खंधबीज, फळुबीज, अग्गबीज आणि बीजबीज. हळद-आले मुळापासून, पिंपळ-वड खोडापासून, ऊस-वेळू पेरापासून, काही वनस्पती शेंड्यापासून आणि धान्ये बीपासून वाढतात, असे हे वर्गीकरण आहे. पिओनी यांत बसविली तर ती मूलबीज व बीजबीज दोन्ही ठरते. शाओयाओचे कंद डोळ्यांसह विभागून लावतात, बीही रुजते, पण त्याला आधी उबेत मूळ फुटते आणि नंतर थंडी मिळाल्यावरच कोंब वर येतो. हे नियम मात्र हाताने करण्याच्या कृतीचे आहेत. ती कामे आरामिकांकडून करवून घेण्याची सोय विनयातच आहे. कुलदूसकाचा दोष कृतीचा नसून हेतूचा आहे. गृहस्थांची मर्जी संपादण्यासाठी लावलेले झाड आणि आरामासाठी, वनासाठी वा सावलीसाठी लावलेले झाड, असा भेद समंतपासादिकेत आचार्य बुद्धघोष करतात. माझ्या मते चांगआनच्या विहारांतील विक्री ही कीटागिरीच्याच बाजूला पडते. किंबहुना एक पाऊल पुढे, कारण अस्सजि-पुनब्बसुकांनी निदान पैसे घेतल्याचा उल्लेख या कथेत नाही.

तरीही सर्वांना एकाच मापाने मोजू नये. नवव्या शतकाच्या अखेरीस कांग पियान याने त्सिएन विहारातील एका वृद्ध भिक्खूची कथा नोंदविली आहे. हा विहार ह्युएनत्संग यांचा. आपल्या महाराष्ट्राचे वर्णन ज्यांनी लिहून ठेवले तेच हे. या वृद्धाने गडद तांबडी मुदान वीस वर्षे आड ठेवून जोपासली होती. आलेल्या काही अधिकाऱ्यांना त्याने ती दाखविली. नंतर काही श्रीमंत तरुणांनी त्याला फिरण्याच्या मिषाने बाहेर नेले आणि मागे झाड खणून पळविले. मोबदला म्हणून तीस ल्यांग सोने व दोन चिन चहा ठेवला. कथा ह्वेइछांग काळातील (841-846) आहे. त्यातल्याच 845 साली सम्राट वूत्सुंग याच्या हुकुमाने 4,600 विहार पाडले गेले आणि 2,60,500 भिक्खू-भिक्खुणींना चीवर उतरवावे लागले. राजधानीत राखलेल्या मोजक्या विहारांत त्सिएन आणि शीमिंग होते.

पुढे मुदानीचे केंद्र लोयांग झाले. तेथील लागवडीचा वृत्तांत ओउयांग श्यू याने 1034 च्या सुमारास लिहिला. तो बौद्ध मताचा कठोर टीकाकार होता, पण त्याची निरीक्षणे चोख आहेत. डोंगरातून आणलेल्या रानटी खुंटावर शरद ऋतूत, जमिनीपासून पाच-सात छुन उंचीवर कलम बांधावे, चिखलाने लिंपावे, भुसभुशीत मातीची भर द्यावी आणि वर पानांची टोपी घालून दक्षिणेकडे हवेसाठी लहान झरोका ठेवावा. लावताना मातीत द्राक्षकुलातील एका वेलीच्या मुळांची पूड मिसळावी, कारण मुदानीचे मूळ गोड असल्याने किडी लागतात. पाणी सूर्योदयापूर्वी किंवा सूर्यास्ताला. नवव्या महिन्यात दहा दिवसांनी एकदा, दुसऱ्या महिन्यात रोज. एका झाडावर अनेक कळ्या आल्यास एक-दोन ठेवून बाकी खुडाव्यात. फुले गळताच दांडे छाटावेत, बी धरू देऊ नये. वसंताच्या आरंभी बोरीच्या जातीच्या काटेरी फांद्या वर टाकाव्यात. कीड लागल्यास तिचे छिद्र शोधून सुईने गंधक भरावे. समुद्रफेस टोचल्यास मात्र झाड मरते. यांतील कळ्या खुडणे आणि दांडे छाटणे आजचे बागाईतदारही करतात. आजच्या लागवडीत भर पडली ती बहुतांशी बुरशीविषयीच्या ज्ञानाची. शरदात वाळलेली पाने बागेत न ठेवण्याची दक्षता त्यामुळेच घेतात.

याच ग्रंथात ‘वेइ’ नावाच्या फुलाचा वृत्तांत आहे. ते प्रथम वेइ कुटुंबाच्या बागेत फुलले. तळ्यातून नावेने जाऊन फूल पाहण्यासाठी दर माणशी दहा-पंधरा नाणी घेतली जात आणि कुटुंबाची रोजची मिळकत दहा-पंधरा हजार नाण्यांवर जाई. पुढे ते घराणे बुडाले, बाग विकली गेली. ओउयांग श्यू लिहीत होता तेव्हा ती जागा पुमिंग विहाराच्या मागील बाजूस होती, आणि विहारातील भिक्खू ती नांगरून तेथे तुती व गहू पिकवीत होते. स्वतःच्या हाताने की कुळांकडून, हे तो सांगत नाही. स्वतः नांगरीत असल्यास पाचित्तिय 10 चा प्रश्न तेथेही उरतोच.