फीत गेली, तबकडी आली : चित्रसंकलकाच्या साठवणीची कथा

पुढच्या पेरणीचे बियाणे कसे ठेवायचे, हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला शिकवावे लागत नाही. खाण्याचे धान्य कणगीत असते. बियाणे मात्र वेगळे काढून, राख किंवा कडुलिंबाचा पाला घालून, ओल आणि उंदीर लागणार नाही अशा जागी ठेवतात. आणि शहाणी गृहिणी ते सगळेच्या सगळे एकाच मडक्यात ठेवीत नाही. मडके वाईट असते म्हणून नव्हे. चांगले मडकेही फुटते म्हणून.

आज चलच्चित्रे टिपणाऱ्यांपुढे हाच प्रश्न उभा असतो. गावातल्या लग्नाचे शूटिंग करणारा तरुण असो, शाळेच्या स्नेहसंमेलनाची फिल्म जुळवणारे गुरुजी असोत, की मोठ्या चित्रपटाचा संकलक असो. टिपलेली दृश्ये ठेवायची कशावर, भरवशाची डिस्क कोणती, हे त्याला ठरवावेच लागते. दुकानदार सांगतो, "ही घ्या, ही कधी बिघडत नाही." या बोलण्यावर किती विसंबावे, हे कळायला थोडे मागे जावे लागेल.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. भारतीय चित्रपटाच्या इतिहासातले ते सोनेरी पान. पण तो संपूर्ण चित्रपट आज आपल्याजवळ नाही, त्यातली थोडी रिळेच काय ती उरली आहेत. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेई, आणि जळाली नाही तरी वर्षानुवर्षांनी चिकट होऊन अखेर तिची भुकटी होई. आपल्याकडे हजाराहून अधिक मूकपट निघाले; त्यांतले अगदी मूठभर उरले. पुण्याला १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर पुष्कळ काही हातचे गेले होते. पुढे जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्याच फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेट फिल्मच्या कोठीला आग लागली, आणि जपून ठेवलेल्या जुन्या रिळांचा मोठा साठा त्यात जळाला. एका जागी ठेवलेली वस्तू एकाच दिवशी जाऊ शकते, ती अशी.

फिल्मनंतर चुंबकीय फीत आली. गंमत अशी, की आजच्या संकलकाची दोन्ही साधने एकाच वर्षी, १९५६ साली, अमेरिकेत जगापुढे आली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये शिकागो येथे अँपेक्स कंपनीने चित्र आणि आवाज दोन इंच रुंदीच्या फितीवर उतरवणारे यंत्र दाखवले. त्याच वर्षी सप्टेंबरात आयबीएम कंपनीने फिरत्या तबकड्यांवर माहिती ठेवणारे यंत्र जाहीर केले. त्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, त्याचे वजन टनाहून जास्त होते, आणि त्यात पन्नास लाख अक्षरे मावत. आज व्यावसायिक संकलक ज्या दर्जाचे चित्र वापरतो, त्या दर्जाचे जेमतेम एक स्थिर चित्र त्या अख्ख्या कपाटात मावले असते. सेकंदाला अशी पंचवीस चित्रे लागतात. त्यामुळे त्या वेळी तबकडीचा आणि चलच्चित्राचा संबंध कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता.

तेव्हा काम चाले ते फितीवर. तिचे संकलन म्हणजे मोठी कसरत असे. फितीवर डोळ्यांना काही दिसत नाही. म्हणून तिच्यावर लोखंडाचे बारीक कण असलेले द्रावण लावीत, उमटलेल्या रेषा सूक्ष्मदर्शकातून पाहत, आणि मग पात्याने कापून चिकटपट्टीने जोडीत. शिवाय फीत महाग. म्हणून जुने पुसून तिच्यावर नवे भरण्याची रीत पडली. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या १९६० नंतरच्या दशकातल्या कितीतरी मालिका अशाच पुसल्या गेल्या. चंद्रावर माणूस उतरला, त्या १९६९ सालच्या घटनेच्या मूळ फिती कुठे आहेत, याचा अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने पुढे शोध घेतला. त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष २००९ साली निघाला. दूरचित्रवाणीवर गेलेली दृश्ये दुसरीकडे जपलेली होती म्हणून जगाजवळ ती राहिली. म्हणजे तारली ती दुसऱ्या प्रतीने.

१९८९ साली अ‍ॅव्हिड कंपनीने संगणकावर संकलन करण्याची व्यवस्था बाजारात आणली, आणि हळूहळू कात्री-चिकटपट्टी मागे पडली. आता इथे जरा थांबून एक गोष्ट ध्यानात घेऊ. सुरुवातीच्या त्या डिस्का लहान होत्या, म्हणून त्यांवर हलक्या दर्जाची नक्कल ठेवून कापाकापी करीत, आणि शेवटी मूळ फीत किंवा फिल्म बाहेर काढून त्याबरहुकूम पक्के काम करीत. डिस्क बिघडली तर चार दिवसांची मेहनत वाया जाई, पण दृश्ये जात नसत. मूळ फीत कपाटात शाबूत असे. कुणी मुद्दाम न ठरवताही एक जादा प्रत आपोआप शिल्लक राहत होती.

हा आधार पुढे गेला. २००४ च्या सुमारास व्यावसायिक कॅमेऱ्यांत फितीऐवजी कार्ड आले. मार्च २०११ मध्ये जपानात भूकंप झाला, तेव्हा सेंदाईजवळचा सोनी कंपनीचा फितींचा कारखाना बंद पडला आणि जगभर व्यावसायिक फितींची टंचाई झाली. त्यानंतर पुष्कळांनी फीत कायमची सोडली. कार्ड महाग, म्हणून संध्याकाळी ते डिस्कवर रिकामे करायचे आणि सकाळी त्याच कार्डावर पुन्हा शूटिंग करायचे. कपाटातली फीत गेली, आणि डिस्क हीच एकुलती एक मूळ प्रत होऊन बसली. 'भरवशाची डिस्क कोणती' हा प्रश्न तेव्हापासून इतका जिव्हाळ्याचा झाला.

मग भरवशाची डिस्क असते तरी का? याची मोजदाद झालेली आहे. गूगल कंपनीच्या संशोधकांनी २००७ साली आपल्याकडच्या लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. त्या नोंदीतल्या महत्त्वाच्या चार लक्षणांपैकी एकही लक्षण, मोडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कांत आधी दिसले नव्हते. माणूस हिंडता-फिरता असावा आणि अचानक जावा, तसेच हे. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी २०१३ पासून आपल्या डिस्कांच्या मोडतोडीचे आकडे जाहीर करीत आली आहे. त्यांवरून दिसते, की शंभर डिस्कांतून वर्षाला साधारण एक-दोन जातात. मॉडेलमॉडेलांत फरक असतो, तो पाहून घ्यावा. पण कधीच न जाणारी डिस्क त्या यादीत नाही.

यावर एक तोड कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली मांडली. अनेक स्वस्त डिस्का एकत्र जुंपायच्या आणि माहिती अशी विभागून ठेवायची, की एक मोडली तरी उरलेल्यांवरून तिच्यातले पुन्हा उभे करता यावे. याला रेड म्हणतात. मोठ्या संकलनगृहांत ती असतेच. पण तिचीही मर्यादा आहे. १९९८ साली पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' चे काम चालू असताना कुणाकडून तरी संगणकाला पुसण्याची आज्ञा दिली गेली, आणि पडद्यावरची पात्रे पाहता पाहता नाहीशी होऊ लागली. बॅकअप होते, पण ते नीट चालत नव्हते, हे त्या दिवशी कळले. सुदैवाने गॅलिन सुसमन या बाई बाळंतपणानंतर घरून काम करीत होत्या, आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक चादरीत गुंडाळून मोटारीतून जपून कचेरीत आणला. पुढे कथाच बदलून चित्रपट पुष्कळसा नव्याने करावा लागला, तो भाग निराळा. धडा असा, की डिस्क न मोडताही काम जाऊ शकते. चुकीची आज्ञा रेडमधल्या सगळ्या डिस्का इमानाने पाळतात.

म्हणून जाणकार लोक कामाप्रमाणे साधन निवडतात. संकलन चालू असते तेव्हा वेग हवा. वर सांगितलेल्या दर्जाचे चित्र तासाला सुमारे ३३० गिगाबाइट जागा घेते, आणि असे दोन-तीन प्रवाह एकदम वाचावे लागतात. त्यासाठी फिरता भाग नसलेली एसएसडी चांगली. तिला धक्क्याची भीतीही कमी. परंतु ती विजेविना दीर्घकाळ कपाटात ठेवण्याची वस्तू नव्हे, कारण तिच्यातला विद्युतभार हळूहळू ओसरतो. साठ्याला फिरत्या तबकडीची डिस्क स्वस्त पडते. घेताना एवढे विचारावे, की तिच्यावरचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले आहेत की सुटे. चढवलेल्या पट्ट्यांची डिस्क मोठ्या लिखाणात मंदावते. २०२० साली काही कंपन्यांनी हे न सांगता अशा डिस्का विकल्याचे उघड झाले, तेव्हा गिऱ्हाइकांनी बराच आरडाओरडा केला. आणि दहा-वीस वर्षांच्या जपणुकीसाठी मोठ्या संस्था आजही एलटीओ नावाची चुंबकीय फीतच वापरतात.

मात्र यांतले काहीही घेतले तरी प्रत एकच असेल, तर उपयोग नाही. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रॉग यांनी एक सोपा हिशेब रूढ केला आहे : प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या गावी. ज्याला एवढे परवडत नाही, त्याने निदान दोन डिस्का घ्याव्यात आणि त्यांतली एक भावाकडे किंवा शाळेच्या कपाटात ठेवावी. एका महागड्या डिस्केपेक्षा दोन साध्या बऱ्या. दोन्ही प्रती उघडून, चालवून पाहिल्याशिवाय कॅमेऱ्याचे कार्ड पुसू नये. नुसती प्रत घेतली म्हणजे झाले असे नाही, हे वरच्या गोष्टीत आपण पाहिलेच.

गावातल्या लग्नात आजी नातीला ओवाळते, ते चित्र पुन्हा टिपता येत नाही. आजी पुढच्या वर्षी असेलच असे नाही. ते काम ज्याने अंगावर घेतले, त्याने दुकानात डिस्क मागताना 'न मोडणारी द्या' असे म्हणू नये. 'दोन द्या' म्हणावे.